थोरलीची सतरंजी

बेबाबाईच्या धाकट्या लेकीचं लग्न ज्येष्ठातल्या शेवटच्या मुहूर्ताला लागलं, आणि वऱ्हाडाच्या पंगतीत वरण कमी पडलं म्हणून व्याही रुसून विहिरीवर जाऊन बसला, ते साल एकोणीसशे चोपन्न. त्याच पंगतीत बेबाबाईची सून सुमनबाई बुंदीचा लाडू तोंडाजवळ नेऊन परत पानात ठेवती झाली, आणि शेजारच्या पानावरच्या भागाबाईनं ते बरोबर टिपलं. भागाबाईचं घर बेबाबाईच्या घराला भिंतीला भिंत लागून होतं, आणि तिचे डोळे भिंतीपलीकडचंही पाहत.

"बेबाबाई, तुझी सून पोटुशी दिसते वं," ती भर पंगतीत म्हणाली.

बेबाबाईचा मुलगा चुडामण तेव्हा वरणाची बादली घेऊन उभा होता. बादलीच्या तळाशी जे काही होतं ते त्यानं व्याह्याच्या भावाच्या धोतरावर ओतलं. रुसव्याचं एक कारण तेही होतं.

चुडामण भंगाळे पिंप्राळ्यात राहायचा आणि रोज रूळ ओलांडून जळगावच्या एका कचेरीत नकलनविशी करायला जायचा. त्याचं अक्षर इतकं सुरेख की दुसऱ्याची चूकसुद्धा त्याच्या हातून देखणी होऊन निघे. वय बत्तीस. सुमनबाई त्याची दुसरी बायको. पहिली शेवंताबाई. ती पन्नास सालच्या मार्गशीर्षात, दुसऱ्या गुरुवारी, पोटात आठ महिन्यांचं मूल घेऊन गेली. दुपारी काम आटोपून सतरंजीवर उताणी निजली ती उठलीच नाही. त्यामुळे सुमनबाईला दिवस गेल्याचं कळल्यापासून चुडामणच्या डोक्यात एकच हिशेब बसला: यंदा मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार येईल तेव्हा हिलाही आठवाच लागलेला असणार. तो गुरुवार हिनं जिवंतपणी ओलांडला म्हणजे मिळवली.

गावातल्या डॉक्टरांकडे तो तिला घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे. नुसतं बसवून ठेवू नका. चालू द्या, हलकी आसनं करू द्या. पण जाणत्याच्या हाताखाली."

दुसरा एखादा माणूस हे ऐकून विसरला असता. चुडामण कारकून होता. वरिष्ठांचं तोंडी बोलणं हाही हुकूमच, अशी त्याची श्रद्धा. त्याच संध्याकाळी तो जाणत्याच्या शोधाला लागला.

जाणता सापडला तो धनसिंग मास्तर. हा मूळचा नरडाण्याचा, धुळ्याकडचा, जळगावच्या एका शाळेत मुलांना कवायत शिकवायचा. तरुणपणी तापीकाठी कुणा साधूपाशी आसनं शिकलेला. मास्तर यायला कबूल झाला, पण एका अटीवर. परक्या बाईकडे पाहायचं नाही, असं त्यानं त्या साधूला वचन दिलेलं होतं.

"मी वट्टावर बसी राहसू, रस्ताकडे तोंड करीसन," तो आपल्या अहिराणीत म्हणाला. "मी सांगसू, तू करी दाखाड. तुनं बरोबर दिसनं की मंग तू घरमा जाईसन तिले शिकाड. बठ्ठं सोपं शे."

"पण मास्तर, माझं पोट कुठं आलंय? तिला जमेल की नाही ते माझ्यावरून कसं कळणार?"

मास्तरनं चुडामणच्या सपाट पोटाकडे बराच वेळ पाहिलं. "उशी बांध," तो म्हणाला.

इथपर्यंतही गोष्ट चारचौघांसारखी होती. बिघडली ती बेबाबाईमुळे, आणि बेबाबाईचंही काही चुकलं नाही.

दुसरेपणावर आलेल्या बायकोनं पहिलीचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, ही त्यांच्याकडची रीत. सुमनबाईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात तो टाक होता, नखाएवढा, त्यावर बाईची आकृती कोरलेली. घरात नवं लुगडं आलं की आधी त्या टाकाला लावायचं, मग नेसायचं. सणाचं ताट आधी तिच्या नावाचं वाढायचं. घरात तिला थोरली म्हणत. सुमनबाई तिला अक्का म्हणे, आणि एकटी असली की तिच्याशी बोलतही असे. असं भागाबाई सांगायची. भागाबाईला हे कसं ठाऊक, ते विचारायची सोय नव्हती.

"चुडामण," बेबाबाई म्हणाली, "थोरलीले दाखवल्याबिगर या घरात काही होत नाही. आसनं पण आधी तिचीच पाह्यजेत."

"आई, आसनं काय पुरणपोळी आहे, नैवेद्य दाखवायला?"

"ते मले सांगू नको. तिच्या नावानं दुसरी सतरंजी टाक. आधी तिच्यावर होऊ दे, मंग सुमन करीन."

"आणि तिच्यावर करणार कोण?"

"तू. तिचा नवरा कोण होता, मी का?"

या बिनतोड युक्तिवादानंतर चुडामण उशी शोधायला उठला. शेवंताबाई ज्या सतरंजीवर गेली ती पेटीत तळाशी होती, निळ्या काठाची. बेबाबाईनं तीच काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता चुडामण पोटावर उशी बांधून ओट्यावर त्या सतरंजीवर बसला, आणि पिंप्राळ्यातला रस्ता भरायला लागला.

समोर रतिलालचं कापडाचं दुकान. त्यानं फळ्या उघडल्या, चुडामणकडे पाहिलं आणि हात जोडले. "चुडामणभाऊ, केवढा महिना?"

"तिसरा," मास्तरनं रस्त्याकडे तोंड करून गंभीरपणे सांगितलं.

मास्तर शिकवायला मात्र पक्का होता. त्याचे नियम चुडामणनं सुरेख अक्षरात कागदावर उतरवून भिंतीला डकवले. पोट दाबलं जाईल असं एकही आसन नाही. पालथं निजायचं नाही, डोक्यावर उभं राहायचं नाही, कमरेतून पिळायचं नाही. श्वास कोंडायचा नाही. भिंतीला पाठ टेकून तळव्याला तळवा लावून बसायचं. गुडघे-हात टेकून मांजरीसारखी पाठ वर-खाली करायची, सावकाश. "चक्कर उनी, पोटमा दुखनं, पानी गयं, रगत दिसनं, का जागेवर थांबी जावानं," मास्तर रोज म्हणे, आणि ओट्यावर मांजर झालेला चुडामण रोज मान हलवे. मग तो आत जाऊन सुमनबाईला दाखवी. सुमनबाईला पहिल्याच वेळी सगळं यायचं. तिचं सगळं जात्यावर, शेणगोठ्यात शिकून झालेलं होतं. पण ते सांगून नवऱ्याचा हिरमोड करणाऱ्यातली ती नव्हती.

दर महिन्याला बेबाबाई उशीत पावशेर कापूस वाढवी. कापूस घरच्या शेतातला, थोरलीच्या हातचा वेचलेला. तोही त्याच पेटीत निघाला.

सकाळच्या या कार्यक्रमामुळे कचेरीत पोचायला उशीर होऊ लागला. चुडामणनं रीतसर अर्ज केला: गर्भवतीच्या आसनाभ्यासास्तव रोज अर्धा तास उशिरा येण्याची परवानगी मिळावी. आठ दिवसांनी अर्ज शेरा होऊन परत आला. 'अर्जदार पुरुष असल्याचे दिसते. खुलासा व्हावा.' त्यानं खुलासा केला, डॉक्टरांचा दाखला जोडला. अर्ज वरच्या टेबलावर गेला, त्याच्याही वरच्या टेबलावर गेला, महिनाभर कुठंतरी निजला आणि श्रावणात हुकूम निघाला. 'अर्जदार चुडामण सुकदेव भंगाळे हे गरोदर असल्याने त्यांना आठव्या महिन्याअखेर सवलत देण्यात येत आहे.' खाली सही, शिक्का.

चूक दुरुस्त करायची तर पुन्हा अर्ज करायला हवा होता. शिवाय हुकुमाची नक्कल करायचं काम त्याच्याकडेच आलं. चुडामणनं ती सुरेख अक्षरात केली. नक्कल करताना 'गरोदर' या शब्दावर त्याची लेखणी एकदा अडखळली आणि शाईचा थेंब पडला. त्याच्या नोकरीतला तो पहिला डाग.

ओट्यासमोर गर्दी वाढली. रतिलालचं गिऱ्हाईक वाढलं, म्हणून त्यानं आभाराचं एक धोतरपान पाठवलं. भागाबाई रोज सल्ला देई. "चुडामणभाऊ, गिऱ्हाण लागू देऊ नका पोटाले." शेवटी चुडामणचा मान इतका दुखावला की त्यानं निळ्या काठाची सतरंजी आत घेतली. समोरच्या खोलीत दोन सतरंज्या शेजारी शेजारी पडू लागल्या. मास्तर ओट्यावर, दाराकडे पाठ करून. आता त्याला काही दिसत नसे. तो फक्त ऐकून शिकवी.

भाद्रपदात एके सकाळी श्वास मोजता मोजता मास्तर थांबला.

"भाऊ, घरमा कितला जन शेतस?"

"दोघं. मी आणि ही."

"माले तीन श्वास ऐकू येतस."

"आईचा असेल."

पण बेबाबाई तेव्हा डोक्यावर हंडा घेऊन रस्त्यावरून येत होती, आणि मास्तरच्या समोरूनच येत होती. त्यानं पुन्हा मोजायला सुरुवात केली, जरा मोठ्यानं.

त्यानंतर चुडामणच्या एकेक गोष्ट लक्षात येऊ लागली. सकाळी गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली सतरंजी उलगडली की मधोमध उबदार लागे. सुमनबाईला उलट्या म्हणून झाल्या नव्हत्या, तिचा चेहरा तजेलदार, ती दोन हंडे सहज आणी. डोहाळे लागले ते चुडामणला. कचेरीत तो टेबलाच्या खणातून चिंच काढून खाऊ लागला. एकदा भिंतीचा ओला पोपडा हातात घेऊन हुंगताना साहेबांनी त्याला पाहिलं. चालताना त्याचा हात आपोआप कमरेवर जाई. संध्याकाळी पाय सुजत. उशी सोडून खुंटीला टांगल्यावरही पोटावरचं ओझं जात नसे.

"तुमचे पाय पाहा कसे झाले," सुमनबाई म्हणाली.

चुडामण पायांकडे पाहत राहिला. शेवंताबाई असंच म्हणाली होती, चार वर्षांमागं, त्या गुरुवारी सकाळी. पाय सुजलेत, डोकं ठणकतंय, आज घरी राहता का? तो म्हणाला होता, बायकांचे पाय सुजतातच. मग जोडे घालून तो कचेरीत गेला होता. त्या दिवशी त्यानं एक खरेदीखत उतरवलं, तेही बिनचूक. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. सुमनबाईलाही आता सांगितलं नाही.

सातवा लागला तशी अमिनाबी येऊ लागली. पिंप्राळ्यातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली, चुडामणसुद्धा. तिनं सुमनबाईचं पोट चाचपून पाहिलं आणि खूश झाली. भिंतीवरचे नियम वाचून घेतले आणि त्यात आपला एक घातला.

"सुमन, अब चित नहीं सोना. पाठ पे सोई तो बच्चे का बोझ नस पे आता, साँस घुटती. बाईं करवट. समजी?"

मास्तरला ओट्यावर हे सांगितलं गेलं. त्यानं मान्य केलं. शेवटच्या विश्रांतीला बाईनं डाव्या कुशीवर निजायचं, मागं तक्क्या घेऊन. "तू उताना ऱ्हायना तरी चाली," तो चुडामणला म्हणाला. "तुले कोठे काय शे!"

"अमिनाबी," चुडामण हळूच म्हणाला, "हसू नका. पण काल उशीत काहीतरी हाललं."

अमिनाबी खदखदून हसली. "अरे चुडामण, तेरी अम्मा ने कपास में चूहा भर दिया होगा!" आणि हसत हसतच तिनं उशीवर हात ठेवला, जसा सुमनबाईच्या पोटावर ठेवला होता. हसणं थांबलं. हात तिथंच राहिला. मग तिनं तो काढला आणि पदराला पुसला.

"ये आज से मत बांधना," ती म्हणाली.

"अर्ध्यावर कसं सोडणार?" बेबाबाई आतून म्हणाली. "थोरलीच्या नावचं ताट वाढून उचलायचं का? ती रागावली तर हिच्यावरच येईल."

"जो बोलना था बोल दिया," अमिनाबी म्हणाली आणि चप्पल घालून गेली. त्या दिवशी तिनं चहासुद्धा घेतला नाही.

त्या रात्री जेवताना सुमनबाई म्हणाली, "सोडा न् ते. मले करता येतं आता एकटीले."

"एवढा गुरुवार जाऊ दे."

"तुमाले भेव नाही वाटत?"

"वाटतं. तुझं वाटतं," चुडामण म्हणाला. "तो गुरुवार तुझ्या वाट्याचा नको. तो ज्याचा आहे त्यानं घ्यावा."

सुमनबाईला त्याचा अर्थ लागला नाही. त्यालाही तेव्हा पुरता लागला असेल असं नाही. तो भाकरी मोडत होता आणि चिंचेची चटणी मागत होता.

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार उजाडला. घरात सणासारखी धांदल होती, फक्त कुणी बोलत नव्हतं. बेबाबाईनं दाराला लिंबू-मिरची बांधली. भागाबाई राखेची पुडी देऊन गेली आणि परत जाताना तीनदा वळून पाहिलं. रतिलालनं त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं. गिऱ्हाईक जाऊ दे, तो म्हणाला, मला त्या ओट्याकडे बघवत नाही. मास्तर मात्र वेळेवर आला आणि रस्त्याकडे तोंड करून बसला.

चुडामणनं उशी बांधली. आता ती इतकी मोठी झाली होती की गाठ मारायला सुमनबाईची मदत लागे. तिनं गाठ मारली.

"सैल बांधू?"

"जशी आहे तशी राहू दे."

आधी थोरलीच्या सतरंजीवर एकेक आसन झालं, मग सुमनबाईचं. तळव्याला तळवा. मांजर. भिंतीला पाठ. सुमनबाईला काही म्हणता काही त्रास नव्हता. पोटातलं मूल जागं होतं, एकदोनदा त्यानं चांगला पाय मारला. तिला हसू आलं.

"आते विश्रांती," मास्तरनं ओट्यावरून सांगितलं. "बाई, डावी कूस. भाऊ, तू तुनं."

सुमनबाई डाव्या कुशीवर वळली. तिची पाठ नवऱ्याकडे होती. चुडामण निळ्या काठाच्या सतरंजीवर उताणा निजला. सतरंजी घसरल्याचा आवाज तिनं ऐकला, आणि त्याचं एक लांब हुश्श.

"श्वास ल्या... सोडा. ल्या... सोडा."

सुमनबाईनं डोळे मिटले. मागून त्याचा श्वास येत होता, एकसारखा, तिच्या श्वासाच्या जरा मागं. तो ऐकता ऐकता तिचा डोळा लागायला आला. इतकं शांत तिला गेल्या सहा महिन्यांत वाटलं नव्हतं. मनात ती म्हणाली, अक्का, झालं एकदाचं, निघाला गुरुवार.

"उजवा हात टेकीसन हळूहळू उठा," मास्तर म्हणाला.

ती उठून बसली. मागं वळली. चुडामण तसाच होता, तळवे वर, तोंड किंचित उघडं.

"अहो, उठा. कचेरीले उशीर होईन."

श्वासाचा आवाज येत होता. तिनं त्याच्या हाताला हात लावला. हात माठासारखा गार होता, आत्ता गार झालेला नव्हे, केव्हाचा. तिनं त्याच्या छातीकडे पाहिलं. छाती हलत नव्हती. उशी हलत होती, वर, खाली, सावकाश. ती पाहत असतानाच उशी थांबली, आणि खोलीतला आवाजही थांबला.

तिच्या किंकाळीनं मास्तर पहिल्यांदा आत आला. साधूला दिलेलं वचन त्या दिवशी मोडलं. त्यानं चुडामणच्या नाकाशी बोट धरलं, मनगट पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसला. लोकांनी पुढं त्याला पुष्कळ विचारलं, मास्तर, तू मोजत होतास, तुला कळलं कसं नाही? तो एवढंच सांगायचा: शेवटपर्यंत नेहमीसारखे तीनच ऐकू येत होते.

डॉक्टर आले. हृदय बंद पडून, असं त्यांनी लिहिलं. जाऊन तास तरी झाला असावा, असंही ते म्हणाले. आसनं सुरू होऊन तेव्हा पाऊण तास झाला होता. डॉक्टरांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं. उशी सोडायला कुणी धजेना. शेवटी अमिनाबी आली. तिनं गाठ सोडली, शिवण उसवली, आत हात घातला. कापूसच होता, ओला आणि गरम. तिनं तो कुणाला दाखवला नाही. फडक्यात बांधून स्वतः नेला आणि लहान मुलं पुरतात तिथं पुरला.

भागाबाईनं मात्र निकाल दिलाच. "थोरली न्यायलेच आली होती. सतरंजीवर पोटुशी दिसलं, घेऊन गेली. तिले काय माहीत, कोण आहे ते?"

"माहीत होतं," सुमनबाई म्हणाली. त्याहून जास्त ती कधी बोलली नाही. गळ्यातला टाक तिनं काढला नाही.

कचेरीत हुकुमाच्या कागदावर शेरा पडला: 'अर्जदार आठव्या महिन्यात मयत. सवलत रद्द.' तो दुसऱ्या नकलनविसानं लिहिला. त्याचं अक्षर वाईट होतं.

मास्तर त्यानंतरही महिनाभर रोज आला, रस्त्याकडे तोंड करून बसला आणि मोजत राहिला. सुमनबाईनं आसनं सोडली नाहीत. एकच सतरंजी पडे, डाव्या कुशीची. मास्तरला आता दोन श्वास ऐकू येत, एक मोठा आणि एक अगदी बारीक. पंचावन्न सालच्या संक्रांतीला, चौदा जानेवारीला, शुक्रवारी दुपारी, सुमनबाईला अमिनाबीच्या हातावर मुलगी झाली. बाळंतपण सोपं गेलं. दोघी सुखरूप राहिल्या.

शेवंताबाई चुडामण भंगाळे एकवीस डिसेंबर एकोणीसशे पन्नास, गुरुवारी, दुपारी गेली. चुडामण सुकदेव भंगाळे नऊ डिसेंबर एकोणीसशे चोपन्न, गुरुवारी, सकाळी गेला.